सरजाबाईची कापलेली ओळ

"सरजाबाई, आता गाणं कोणाचं?"

एवढंच विचारायचं होतं. बंद स्टुडिओत. एकटीनं.

"लय डेरिंगबाज हाईस ना? मग विचारून दाखव!" माझ्या वर्गातल्या राजेश्री अन् धनश्रीनं पैज लावली.

मी नववीत. गॅदरिंगला गाण्यात पहिली आल्यापासून कोणाच्या बापाला घाबरत नाही. पण हे खरं घडलंय. चुडाव्यात, आमच्या घरात, मागच्या रविवारी, भर दुपारी.

पप्पांनी मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून भीमगीतांची कंपनी काढली. आधी कॅसेटी, मग सीडी, मग चॅनल. जयंतीला गावोगाव आमचीच गाणी! सगळ्यात जास्त सरजाबाईंची.

आमच्याकडं गाणारा शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफतो. तीच त्याची सही.

सरजाबाई मागच्या वर्षी वारल्या. यंदा मुंबईच्या एका बड्या कंपनीनं आमची कंपनी घेतली. त्यांनी सरजाबाईंच्या सगळ्या गाण्यांची शेवटची ओळ कापली. आता तीच गाणी मी गायची. शेवटी माझं नाव घालून.

मी तर हवेतच होते!

त्या मागच्या खोलीत शिरून दार लावलं. हेडफोन घातला. रेकॉर्डिंग चालू केलं. प्रश्न विचारला.

काहीच नाही.

मग बाहेरचं पोरींचं खिदळणं बंद झालं. पंख्याचा आवाजही गेला...

पंखा फिरतच होता.

अन् हेडफोनमध्ये... कुणीतरी श्वास घेतला. ओळ उचलण्याआधी घेतात, तसा.

"माझं नाव काढलं ना गं... आता तुझं दे."

मी हेडफोन फेकून पळाले.

नंतर रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात फक्त माझा प्रश्न. पुढं... शांतता.

सोमवारी वर्गात नव्या मॅडमनी नाव विचारलं. मी तोंड उघडलं. ओठ हलले.

आवाज नाही.

"मुकी झालीस का गं?" धनश्री हसली.

"गप बस!" मी ओरडले. खणखणीत!

बाकी सगळं बोलता येतं. नाव लिहिताही येतं, धम्मशीला. फक्त उच्चारता येत नाही. आजही.

काल आई माझा रेकॉर्डिंगचा ड्रेस इस्त्री करत होती. मी तिच्या अन् पप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"पप्पा, त्यांना सांगा, आधी सरजाबाईची ओळ परत जोडा."

पप्पांनी मागच्या खोलीकडं बघितलं. आवाज एकदम खाली आणला.

"सह्या झाल्यात, माय. गाणी आता त्यांची हायत."

"मग मी कंपनीसाठी गाणार न्हाई. जयंतीला चौकात गाणार. शेवटच्या ओळीसकट, तिच्याच नावानं. करू द्या त्यांना केस!"