धनेश आला नाही!

"यंदा धनेशाच्या नोंदींची वही शकू लिहील," काशीराममामा म्हणाले, आणि पेज वाढता वाढता गोदाचा हात तिथंच थांबला.

"शकू? पण मामा, गेल्या वर्षी तर मीच..."

"अगं, तिचं अक्षर बघ किती वळणदार आहे! आणि तू आहेसच की तिला वाट दाखवायला."

वाट दाखवायला! गोदाचे कान तापले. राईतल्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाचं घरटं आहे, हे गेल्या वर्षी कुणी शोधलं? गोदानं! मुंग्या चावल्या तरी न हलता मामांच्या शेजारी पाचोळ्यात बसून नराच्या फेऱ्या कुणी मोजल्या? गोदानं! आणि आता मामांची ही मुलगी पहिल्यांदाच आगबोटीनं कोकणात उतरली, गळ्यात दुर्बीण अडकवली, की झाली हुशार!

काशीराममामा मुंबईच्या एका हायस्कुलात सायन्स शिकवत. १९३३ सालची उन्हाळ्याची सुट्टीही ते लांज्याजवळच्या या गावात, बहिणीच्या घरी काढत होते, ती केवळ धनेशांपायी. गावात या भल्यामोठ्या चोचीच्या पक्ष्याला गरुड म्हणत. त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट उरते. पुढं कित्येक आठवडे नर फळं आणून तिला आणि पिल्लाला भरवतो. तो आला नाही तर दोघंही उपाशी!

"गेल्या वर्षी सकाळभरात चौदा फेऱ्या व्हायच्या," मामा म्हणाले. "यंदा आठच. का? ओढ्यापलीकडचे वड-उंबर कोळशाच्या भट्टीत गेले. बिचाऱ्याला फळांसाठी लांब जावं लागतं. आता भट्टीच्या कंत्राटदाराला राईतलीही झाडं हवीत. परवा गावकरी बसणार आहेत. त्याआधी मी रत्नागिरीला कचेरीत जाऊन राईचे जुने कागद शोधून येतो. तोवर घरट्यावर नीट नजर ठेवा. तिघांनीही!"

तिसरा म्हणजे गोदाचा दहा वर्षांचा भाऊ सदू. त्यानं छाती फुगवली. निघताना मामांनी खिशातलं घड्याळ काढून शकूच्या हातात दिलं. घड्याळसुद्धा तिलाच!

दुपारी गोदा एकटीच ओढ्यावर गेली. बघते तर काय, भट्टीचा मुकादम महिपत अलीकडच्या काठावरच्या उंबराच्या खाली झुकलेल्या फांदीवर ओणवा होऊन सुंभाचा फास बांधत होता!

"काय करताय मुकादम?"

"माकडं फार झालीत गो," तो वर न बघता म्हणाला.

माकडं? कोळशाच्या भट्टीला माकडांचा कसला त्रास? त्याच फांदीवर बसून धनेश रोज उंबरं खातो, हे गोदाला पक्कं ठाऊक होतं. ती धावतच घरी आली. ओटीवर शकू वही उघडून वाचून दाखवत होती आणि आई, गोदाची स्वतःची आई, कौतुकानं म्हणत होती, "किती गो शहाणी पोर!"

गोदा अंगणातच थांबली. 'असू दे,' ती मनात म्हणाली. 'एवढी दुर्बीण आहे ना हिच्याकडे? मग हिलाच शोधू दे!'

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं बेहड्यासमोर जाऊन बसली.

"सात वाजले. फेऱ्या शून्य," शकू हलक्या आवाजात म्हणाली. मग आठ वाजले. शून्य. नऊ वाजले. तरी शून्यच!

ढोलीच्या फटीतून मादीची चोच बाहेर आली. ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आतून पिल्लाचा चिरका आवाज आला.

"गोदाताई, त्यांना भूक लागलीय गो," सदू कुजबुजला.

गोदाला आता राहवेना.

"शकू, तो का येत नाही ते मला ठाऊक आहे. महिपतनं उंबरावर फास लावलाय. मी काल बघितला."

शकूची पेन्सिल थांबली. "काल? मग सांगितलं का नाहीस?"

"तुझा राग आला होता म्हणून! माझी वही घेतलीस, मामांना घेतलंस, माझी आईसुद्धा तुझंच कौतुक करते!"

शकूचे डोळे पाण्यानं भरले. "आणि माझं काय? वर्षभर आमच्या घरात एकच नाव! गोदानं हे ओळखलं, गोदाला ते दिसलं! परीक्षेत मी पहिली आले ना, तेव्हा बाबा नुसतं 'छान' म्हणाले आणि तुझं पत्र वाचत बसले. मला तर तुझं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं!"

शकूनं वही आपटून मिटली.

"भांडण मागाहून करा!" सदू ओरडला. "आधी उंबराकडे चला!"

उंबरावरचा फास तुटून लोंबत होता. खाली एक लांब, काळंपांढरं पीस पडलं होतं. तिघं वाकून, करवंदीच्या जाळ्यांआडून भट्टीपर्यंत पोहोचली. झोपडीच्या दाराशी कोंबड्या झाकायचं डालं पालथं घातलं होतं. वर मोठा धोंडा! आणि डाल्याच्या भोकातून एक पिवळी चोच बाहेर डोकावत होती.

"जिवंत आहे!" शकू पुटपुटली.

समोर महिपत गुडघे चोळत एका गड्याला सांगत होता, "संध्याकाळी वैदू येतोय रे. या गरुडाचं तेल एकदा गुडघ्यांना लागलं की घोड्यासारखा धावतो का नाही बघ!"

"मेल्याचे गुडघे!" गोदा दातओठ खात म्हणाली. मग तिची नजर मातीनं लिंपलेल्या भट्टीकडे गेली. "सदू, भट्टीवरची माती खचली तर काय होतं?"

"आत वारा शिरतो आणि सगळ्या कोळशाची राख होते."

"मग पलीकडून जा आणि बोंब ठोक!"

सदूला एवढंच हवं होतं! पलीकडून त्याचा आवाज आला, "मुकादम! धावा! भट्टीला भगदाड पडलं! राख झाली, राख!"

"अरे देवा! पाणी आणा! माती आणा!" महिपत लंगडत धावला. त्याच्यामागे गडीही पळाले.

दोघींनी धोंडा ढकलला. डालं उचलताच धनेशानं चोच मारली आणि गोदाच्या मनगटातून रक्त आलं.

"थांब!" शकूनं उन्हासाठी घेतलेला पंचा झटकन त्याच्या डोक्यावर टाकला. "डोळे झाकले की पाखरू गप्प बसतं. आता उचल!"

खरंच, पक्षी निमूट झाला. गोदानं त्याला छातीशी धरला आणि दोघी राईकडे सुसाट पळाल्या. सदू दुसऱ्या वाटेनं आला. बेहड्यापाशी गोदानं कमरेला खोचलेल्या कोयतीनं त्याच्या पायांना बांधलेली दोरी कापली. शकूनं पंचा काढला. धनेशानं पंख पसरले, झाडांच्या शेंड्यांवरून वर चढला आणि ढोलीकडे ढुंकूनही न बघता डोंगराआड गेला!

"घाबरून गेला. आता तो येणारच नाही," गोदा म्हणाली आणि रडू लागली. "माझ्यामुळं झालं हे सगळं."

शकूनं तिच्या मनगटाला पंचा बांधला आणि शेजारीच बसून राहिली.

अकरा वाजले. बारा वाजले. मग कुठूनसा 'हूश्श, हूश्श' असा आवाज जवळ येऊ लागला.

"पंख!" सदू किंचाळला आणि दोघींनी एकदमच त्याचं तोंड दाबलं.

धनेश खोडाला बिलगून बसला. मान हलवून त्यानं घशातून एक फळ चोचीच्या टोकाशी आणलं आणि फटीतून आत दिलं. मग दुसरं, मग तिसरं!

"अकरा दिली," शकू म्हणाली.

"बारा. एक खाली पडलं," गोदानं डोळे पुसत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी देवळात गावकरी जमले. मामाही कागद घेऊन परतले होते. बोलणं सुरू होतंय तोच महिपत तणतणत आला.

"रावजी गावकर, न्याय करा! या कार्ट्यांनी माझा गरुड पळवला!"

"तुझा?" गावचे मानकरी, म्हातारे रावजी गावकर म्हणाले. "राईतला गरुड तुझा कधी झाला रे? राई अजून आम्ही दिलेली नाही. हातात येण्याआधीच ओरबाडायला लागलास, मग हातात आल्यावर काय शिल्लक ठेवशील?"

देवळात हशा पिकला. महिपत आल्या पावली मागं फिरला. मग मामांनी राई गावाचीच असल्याचा जुना कागद दाखवला आणि दोन्ही वर्षांच्या फेऱ्या वाचून दाखवल्या. झाडं कमी झाली तशी फळं कमी झाली आणि धनेशांचे हाल वाढले, हे सगळ्यांना उमगलं. राई द्यायची नाही, असं ठरलं!

गोदा मात्र मान खाली घालून उभी होती. तिनं सगळ्यांसमोर फासाची गोष्ट सांगून टाकली. मामांनी तिला जवळ बोलावलं.

"चूक मोठी होती, गोदा. तीन जीव जाणार होते," ते म्हणाले. "पण कबूल केलीस आणि निस्तरलीस. चूक माझीही झाली. दोघींना एकत्र बसवायचं सोडून मी एकीच्या हातातलं काढून दुसरीला दिलं."

रावजी गावकर उठले. "मंडळी, शकू, गोदा आणि सदू, या पोरांनी राईची लाज राखली! शाबास!"

आपलं नाव दुसरं आलं, हे गोदाच्या लगेच ध्यानात आलं. थोडं टोचलंच. शकूनं तिला कोपरानं हळूच ढोसलं.

"मी मोठी ना, म्हणून पहिली."

"चारच महिन्यांनी!" गोदा फणकारली.

"आणि मी तिसरा का?" सदू जोरात ओरडला, आणि दोघींना असं हसू फुटलं की रावजी गावकरांना पुढचं बोलताच येईना.