सदतीस नंबरची फुलं

खिडकीत आधी गुलाबांची जुडी आली, मग तिच्यामागून एक चेहरा.

"नमुना इथंच द्यायचा ना?"

"फुलांचा?" तिनं विचारलं.

ती त्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. इथं येणारे पुरुष मान खाली घालून यायचे, डबी घ्यायचे, डबी द्यायचे आणि पळ काढायचे. हा मात्र कानापर्यंत लाल झाला आणि तरीही हसला.

"फुलं तुमच्यासाठी. नमुन्याचं… डबी द्या, बघतो."

तो पॉलिहाऊसमध्ये गुलाबांवर औषध फवारायचा. फवारणी करणाऱ्या पुरुषांच्या वीर्यावर काय परिणाम होतो, याचा तिथं अभ्यास चालू होता. दर तीन महिन्यांनी तपासणी. डबीवर नाव नाही, फक्त नंबर. अभ्यास संपेपर्यंत यातल्या कुणालाही निकाल सांगायचा नाही, असा हा अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाईंचा दंडक. हा सदतीस नंबर.

तपासणी तीन महिन्यांनी होती, पण सदतीस नंबर दर गुरुवारी हजर! कधी रुमाल विसरला म्हणून, कधी विसरायला रुमाल आणला म्हणून.

"काय हो सदतीस नंबर, आज काय हरवलं?"

"झोप."

"ती आमच्याकडे जमा होत नाही."

"तुझ्याकडे होते की!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आणलेली फुलं ती नळाखाली धरायची, पाकळी न पाकळी धुवायची, मग बरणीत ठेवायची. तो खिडकीला टेकून बघत राहायचा.

"लेकराला न्हाऊ घालावं तशी धुतेस गं! मला दोन तरी हवीत हं… लेकरं म्हणतोय."

"आधी मागणी तर घाल!" ती म्हणाली खरी, पण तिला मान वर करवेना.

कारण सदतीस नंबरची काच तिनं स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. शुक्रजंतू अगदी थोडे, तेही मरगळलेले. रक्ताचा निकालही आला होता. विष मोडून बाहेर टाकायची ताकद त्याच्या अंगात जन्मापासूनच कमी. त्याच्याबरोबर फवारणी करणाऱ्या दुसऱ्या गड्याचं बघा, तोच पंप, तेच औषध, तीच पाच वर्षं, आणि त्याला जुळी झाली! याच्या नशिबी मात्र हे.

सांगावं? नियम आडवा येत होता. पण खरं सांगायचं तर नियमाचं निमित्त होतं, पोटात भीती होती. कळलं तर हा लाजेनं पुन्हा खिडकीत येणारच नाही… आजचा गुरुवार जाऊ दे, पुढच्या गुरुवारी सांगू. असं म्हणता म्हणता बारा गुरुवार गेले. दर गुरुवारी तो हसायचा, आणि इथून निघाला की पाठीवर पंप चढवायचा.

दुसरा नमुना आला. तिनं पाहिलं. डोळे पुसून पुन्हा पाहिलं. एकही शुक्रजंतू नव्हता.

तेव्हा कुठं ती डॉक्टरबाईंकडे धावली.

"अगं, त्यांना सांगू नको म्हटलं होतं मी," बाई कडाडल्या. "मला सांगू नको असं कुठं म्हटलं होतं?"

त्याच गुरुवारी बाईंनी त्याला आत बोलावून सगळं सांगितलं. तो बाहेर आला तेव्हा एका हातात जुडी होती, दुसऱ्या हातात दोन्ही निकालांचे कागद.

"ही सही तुझी?"

"हो."

"तीन महिन्यांपूर्वीची?"

"हो… रे."

"बाई म्हणतात, तेव्हाच फवारणी सोडली असती तर कदाचित…"

"आत्ता सोड! काहींचं सुधारतं. नाही सुधारलं तरी मला मूल नको, तू हवास. लग्न कर माझ्याशी." तिचा आवाज फुटला. "मी घाबरले रे. तू यायचा थांबशील म्हणून घाबरले."

"शेवटी मागणी तूच घातलीस," तो म्हणाला. क्षणभर हसलाही. मग त्यानं बरणीकडे पाहिलं. "फुलं धुवायचीस तू. औषध असतं म्हणून ना?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मला एकदाही म्हणाली नाहीस… हात धू."

जुडी खिडकीत ठेवून तो निघून गेला. तिनं ती उचलली. हात सवयीनं नळाकडे गेले, आणि तिला रडू आवरेना.