आरशावर उतरताना

"अहो, दोर पकडा… पकडा!"

सिग्नेनं वळून पाहिलं तर एक पिवळं विमान इंजिन बंद करून तिरकं तरंगत धक्क्याकडे येत होतं. चाकांऐवजी त्याला पाण्यावर तरंगणारे दोन लांबट तरंडे होते आणि एकावर एक तरुण उभा होता. त्यानं फेकलेला दोर सिग्नेनं हवेतच झेलला, पण एक पाय मात्र घोट्यापर्यंत समुद्रात गेला.

"वा! नवीन शिकाऊ ना तुम्ही? मी हार्लन. शिकवणारा."

"पाच वर्षं विमान उडवतेय मी," बुटातलं पाणी ओतत ती म्हणाली.

"चाकांचं! याला ब्रेक नसतात, बाईसाहेब."

ते खरं निघालं. पाण्यावर विमान क्षणभरही स्वस्थ बसेना. वारा नाक फिरवायचा, भरती शेपटी ओढायची. पण सिग्ने पीटर्सबर्ग बंदरातल्या कोळ्यांची पोर. पुढचं पाणी काळवंडलं की ती आधीच म्हणायची, "वाऱ्याचा झोत येतोय, डावीकडून." इंजिन बंद करून, नुसत्या वाऱ्यावर मागे मागे सरकत तिनं विमान धक्क्याला लावलं, त्या दिवशी हार्लन बघतच राहिला.

"असा काय बघतोस?" एव्हाना ती 'अहो'वरून 'अरे'वर आली होती.

"पाणी… पाणी बघतोय."

"पाणी त्या बाजूला आहे!"

अडत होतं ते एकाच ठिकाणी. वारा पडला की खाडीचा आरसा व्हायचा. खाली डोंगर, खाली ढग… पाणी नेमकं कुठे, कळायचंच नाही. दोनदा तिनं घाबरून फार लवकर नाक वर खेचलं आणि दोन्ही वेळा विमान धाडकन आदळण्याआधी हार्लननं सावरलं. परीक्षा उद्यावर आली होती. पास झाली तर बेटांवर टपाल नेण्याची नोकरी तिची होती.

आजही पानसुद्धा हलत नव्हतं.

"मी हात लावणार नाही," हार्लन म्हणाला.

"आणि मी चुकले तर?"

"भिजू दोघंही."

तिनं किनारा जवळ धरला. नाक किंचित वर, इंजिनाचा आवाज एकसारखा, उतरणं अगदी हळू. आता खाली बघायचं नाही, बाजूची देवदारं बघायची… आणि वाट पाहायची. हात शिवशिवत होते—खेच, खेच! तिनं दात आवळले. अजून नाही… अजून नाही…

सर्रर्र!

तरंड्यांखाली पाणी फाटत गेलं. आरशावर दोन पांढऱ्या रेघा उमटल्या. खाडीच्या मधोमध इंजिन बंद करून सिग्ने ओरडली, "उतरले! हार्लन, मी उतरले!"

तो मात्र गंभीर. "उद्यापासून मी तुला शिकवणार नाही."

तिचा चेहरा पडला. "का? काय चुकलं माझं?"

"काही नाही. शिकवतोय तोवर मनातलं बोलायचं नाही, असं ठरवलं होतं मी. फार जड गेलं, सिग्ने… तू आवडतेस मला."

तिचं काळीज असं उसळलं की तिला वाटलं, विमान परत वर गेलंय की काय!

"मेल्या, मी दोनदा चुकले ते काय फक्त पाण्याला घाबरून? शेजारी तू बसलेला!"

तो हसत सुटला. तिनं त्याचा हात घट्ट धरला. ओहोटी विमानाला हलकेच वाहवत नेत होती, आणि दोघांनाही त्याचं काही नव्हतं.

जवळून जाणाऱ्या मासेमारी बोटीवरून एक म्हातारा ओरडला, "काय गं पोरी, इंजिन बंद पडलं का?"

"नाही, काका!" खिडकीतून डोकं काढून सिग्ने म्हणाली. "चालूच करायचं नाहीये!"