छायानदीची राक्षसी

‘ध्रुवमार्ग’ यानावरच्या कथामंडळात चारुलता डोंगरे बोलायला उठली की समोरचा आधीच हात टेकायचा. विज्ञानकथा कुठली, अद्भुतकथा कुठली आणि पुराण कुठलं, यावरून तिथे दर आठवड्याला हमरीतुमरी होई. त्याच वाटेनं पुढे गेलेल्या यानाकडून कथा येत. त्या ऐकायच्या, भांडायचं आणि मतदान करून शिक्का मारायचा. विज्ञानकथेचा शिक्का बसलेली कथा अभियंत्यांकडे तपासायला जाई. न जाणो, एखादी कल्पना खरी निघायची! बाकीच्या नुसत्या करमणुकीसाठी.

त्या दिवशीची कथा छायानदीची होती. नदीत एक राक्षसी राहते. नदी ओलांडताना जे झोपलेले असतील त्यांची नावं ती गिळते आणि मग ते उठत नाहीत.

“मला यात शीतनिद्रेतली माणसं दिसतात,” मंडळातले सर्वांत जुने सभासद लोखंडेकाका म्हणाले. “अभियंत्यांना एकदा दाखवू या की.”

“काका, राक्षसी कुठल्या नियमानं नावं गिळते ते सांगा, आत्ता शिक्का मारते!” चारुलता म्हणाली.

मंडळ खो खो हसलं. काका वरमले. शिक्का बसला, पुराणाचा.

महिन्याभरानं यान एका चुंबकीय पट्ट्यातून पार झालं. शीतनिद्रेत असलेल्यांपैकी निम्मी माणसं पुन्हा जागी झालीच नाहीत. चारुलताची धाकटी बहीण शर्वाणी त्यांतच होती.

“आपल्या आणि पुढच्या यानाच्या मध्ये धूळमेघ आहे, ताई,” संदेश-अभियंता मुजावर तिला सांगत होता. “त्यात संदेशाचे लचके तुटतात. जिथे भोकं पडतात तिथे काय असेल याचा अंदाज करून पूरकयंत्र ती बुजवतं. अंदाज कशावरून करतं, तर त्याला शिकवलेल्या लाखो गोष्टींवरून.”

“म्हणजे ती कथा...”

“कथा नव्हतीच. इशारा होता. ‘ओलांडताना’, ‘झोपलेले’, ‘उठत नाहीत’, एवढंच काय ते शाबूत आलं होतं. नदी आणि राक्षसी यंत्रानं घातली. वडाची साल पिंपळाला!”

“मग तुम्ही तपासलं का नाही?”

मुजावर खाली बघत म्हणाला, “आमच्याकडे आलीच नाही ती.”

चारुलताला स्वतःच्या जिभेची शिसारी आली. लोखंडेकाका चहा घेऊन आले, जवळ बसून राहिले, पण त्या दिवसाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मागून आणखी एक यान त्याच वाटेनं येत होतं. त्यातही माणसं शीतनिद्रेत होती, आणि मध्ये तोच मेघ. चारुलतानं इशारा लिहिला, अगदी लहान वाक्यांत : झोपलेल्यांना उठवा. पट्टा येण्याआधी उठवा. ही गोष्ट नाही. मुजावर तो पुन्हा पुन्हा पाठवत राहिला. ती जेवणखाण सोडून त्याच्या खोलीत बसून असे.

अखेर उत्तर आलं. “चारुलताताई, इशारा पोचला. आम्ही सर्वांना उठवलं. सगळी माणसं सुखरूप आहेत. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.”

ती ढसाढसा रडली. बातमी यानभर पसरली. मग डोळे पुसता पुसता ती थबकली. ती स्वतःला दोष देते आहे हे त्या लोकांना कुणी सांगितलं? तिच्या संदेशात तर तसलं काहीच नव्हतं.

“मुजावर, यातलं शाबूत किती आलं होतं?”

मुजावरनं मूळ संदेश पडद्यावर काढला.

“‘ताई’. आणि ‘सगळी माणसं’.”

“बाकी?”

“बाकी यंत्राचं. गोष्टींचा शेवट बहुधा गोडच असतो ना, ताई.”

“पुन्हा विचारा त्यांना!”

“मेघ दाटलाय. आता इकडचं तिकडे जाणार नाही आणि तिकडचं इकडे येणार नाही.”

ती बाहेर आली. लोखंडेकाका वाटी घेऊन भेटेल त्याच्या हातावर साखर ठेवत होते. तिला पाहून त्यांचे डोळे भरून आले.

“वाचली ना गं सगळी? खरंच ना?”

चारुलतानं हात पुढे केला.

“खरंच, काका,” ती म्हणाली आणि साखर तोंडात टाकली.