न वाचता आलेला तुकडा

हे माझ्या घरात घडलंय. माझ्या मुलीच्या बाबतीत. त्यामुळे यात पदरचं एक अक्षर घालायचीही माझी हिंमत नाही. मला कोणाला घाबरवायचं नाहीये. खरं तर मी आता काय करू, हे मलाच कोणीतरी सांगायला हवंय.

तीन वर्षांपूर्वीचा मंगळवार. रात्र नव्हती, अंधार नव्हता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. लख्ख ऊन. दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर, मागची खोली, खिडकीखाली पाळणा.

पण आधी दादाबद्दल सांगते.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. आयुष्यभर कॉम्प्युटरच्या राशीत बसलेला. आणि मी अशी, की गॅस बंद केला का हे तीनदा बघितल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही. त्याने माझं नावच घाबरगुंडी ठेवलं होतं. मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा फोनवर त्याचं पहिलं वाक्य होतं, "म्हणजे आता बाळ झोपेल आणि तू त्याचा श्वास मोजत बसशील. बिचारे भाऊजी!"

तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याच्याकडे एक जुना, तळहातावर मावणारा कॉम्प्युटर होता. चष्म्याच्या डबीसारखा उघडायचा. आत बारीक बटणं, लिनक्सचा काळा पडदा, पांढरी अक्षरं. पोटात काडेपेटीपेक्षाही लहान हार्ड डिस्क. त्याने माझ्यासाठी त्यात एक प्रोग्रॅम लिहिला.

उशाशी ठेवायचा. तो श्वास ऐकतो. दर नऊ सेकंदांनी लिहितो...

आहे.

आहे.

आहे.

श्वास ऐकू आला नाही तर लिहितो 'नाही', आणि शिट्टी वाजवतो. पडद्यावर मराठी अक्षरं उमटवायलाच त्याने आठ दिवस घालवले होते. चौथ्या महिन्यात मला दाखवून परत घेऊन गेला. "जरा घासूनपुसून देतो," म्हणाला.

पाचव्या महिन्यात दादा गेला.

झोपेत. एकटाच राहायचा. श्वास थांबला, एवढंच डॉक्टर म्हणाले.

त्याच्या खोलीची आवराआवर त्याच्या मित्राने केली. सगळे त्याला स्क्रू म्हणतात. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानेच तो कॉम्प्युटर मला आणून दिला. वर चिठ्ठी चिकटवलेली होती. 'घाबरगुंडीसाठी.'

चिमणी पाच आठवडे आधीच जन्मली. आणि तिला एक खोड होती. झोपेत ती श्वास घ्यायला विसरायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर आलेल्या बाळांना होतं असं. वाढेल तसं जाईल. थांबली वाटलं की तळपायाला टिचकी मारा."

हॉस्पिटलचं यंत्र परत गेल्यावर दादाचा कॉम्प्युटर उशाशी आला. तीनदा त्याची शिट्टी वाजली. तीनदा मी टिचकी मारली. तीनदा माझी मुलगी परत आली.

दर नऊ सेकंदांनी तो लिहायला जागा व्हायचा, तेव्हा आतली डिस्क फिरायची. बारीक आवाज यायचा.

घर्र... टिक.

त्या आवाजावर मी झोपायला शिकले होते.

मग चिमणी तीन महिन्यांची असताना आवाज बदलला. घर्र... खट. घर्र... खट. स्क्रूने तो कॉम्प्युटर कानाला लावून ऐकला.

"डिस्क म्हातारी झाली. आत चकती फिरते ना, तिच्यावरची सुई घासायला लागलीय. आज बंद पडेल नाहीतर उद्या."

मी म्हटलं, "मग रे?"

"मग काय? ती काढायची आणि त्याच खाचेत मेमरी कार्ड बसवायचं. कार्डात काही फिरत नाही, काही घासत नाही. उद्या तुझ्या पोरीने भिंतीवर आपटलं तरी चालेल. हे तुझ्या भावानेच करायचं होतं, आळशी लेकाचा!" असं म्हणून त्याने वरची चिठ्ठी नीट दाबून बसवली.

मंगळवारी सकाळी तो कॉम्प्युटर घेऊन गेला. मी चिमणीच्या छातीवर हात ठेवून बसले होते. अकराच्या सुमाराला त्याचा फोन आला. त्याच वेळी ती भुकेने किंचाळत होती आणि दूध उतू जात होतं.

"अगं, डिस्कवरचं सगळं कार्डावर आलं. फक्त एक तुकडा वाचता येत नाहीये. एवढुसा. सुई दर वेळी तिथेच अडकते. अजून थांबू, का जाऊ देऊ?"

मी म्हटलं, "जाऊ दे."

एवढंच. हे दोन शब्द.

दुपारी दोनला तो कॉम्प्युटर देऊन गेला. चिमणीला झोपवेपर्यंत पावणेतीन झाले. कॉम्प्युटर उशाशी ठेवला. पडद्यावर अक्षरं येत होती, पण आवाज... अजिबात नाही. खोली अचानक रिकामी वाटली. कोणीतरी उठून गेल्यासारखी.

पाच-दहा मिनिटं गेली. आणि शिट्टी वाजली.

पडद्यावर होतं...

नाही.

मी झेपावले. चिमणी मजेत झोपली होती. पोट वरखाली होत होतं. माझ्या बोटावर तिचा ऊन श्वास लागत होता.

पुन्हा शिट्टी.

नाही.

पुन्हा बघितलं. श्वास चालू. गाल लाल.

तिसऱ्यांदा शिट्टी वाजली तेव्हा ती दचकून रडायला लागली. मला वाटलं, स्क्रूने खोलताना माइकची वायर हलवली असणार. मी वैतागून शिट्टी बंद केली. तिला थोपटून पुन्हा झोपवलं. मग त्याला फोन करायला स्वयंपाकघराकडे निघाले.

दारापर्यंत पोचले, आणि मागून...

घर्र... टिक.

तो ओळखीचा आवाज. माझा जीव भांड्यात पडला. खरंच सांगते, मला हसूसुद्धा आलं. झालं म्हटलं सुरळीत.

तीन पावलं पुढे गेले आणि जागीच थिजले.

आत आता फिरणारं काहीच नव्हतं.

मी मागे वळले. खोलीत कोणी नाही. ऊन तसंच लादीवर पडलेलं. कॉम्प्युटर उचलून कानाला लावला. मुका. पाळण्याखाली बघितलं. उशी दाबून बघितली.

घर्र... टिक.

आवाज पाळण्यातूनच येत होता. नक्की कुठून, ते मी आजही लिहू शकत नाही.

मी सवयीने मोजायला लागले. सात... आठ... नऊ...

टिक झाली नाही.

दहा... अकरा...

मी चिमणीच्या तोंडाकडे बघितलं. ओठ निळे पडत होते.

टिचकी मारली. काही नाही. दुसऱ्या पायाला मारली. काही नाही. उचलली, पाठ चोळली. मान माझ्या हातावर लुळी पडली. इतकी हलकी, जणू नुसतं झबलंच उचललंय. पडद्यावर एकाखाली एक ओळ येत होती. नाही. नाही. नाही.

मी ओरडले. नवऱ्याला नाही, डॉक्टरीणबाईंना नाही. का ते माहीत नाही, पण मी ओरडले, "दादा! दादा, थांब रे! जाऊ नकोस!"

खोली गप्प.

आणि मग...

घर्र... टिक.

चिमणीने उचकी द्यावी तसा श्वास ओढला. आणि रडली. असं रडली की शेजारच्या काकू धावत आल्या.

पडद्यावर नवी ओळ होती.

आहे.

स्वयंपाकघरात फोन वाजत होता. काकूंनी आणून माझ्या कानाला लावला. स्क्रू होता. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"घाबरगुंडे... तुझी ती काढलेली डिस्क... माझ्या ड्रॉवरमध्ये टाकली होती. वायर नाही, काही नाही गं. ती... फिरतेय. आत्ता सुरू झाली."

तेव्हा घड्याळात तीन दहा झाले होते.

हॉस्पिटलमध्ये दोन दिवस सगळ्या तपासण्या झाल्या. "ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही जरा झोपत जा." नवराही तेच म्हणाला. मी काय सांगणार होते?

घरी आलो त्या संध्याकाळी स्क्रू आला. डिस्क रुमालात गुंडाळून, दोन्ही ओंजळीत धरून. पाखराचं पिल्लू आणावं तशी. दारात एकही विनोद केला नाही. त्याने ती पाळण्यात, उशीजवळ ठेवली.

घर्र... टिक.

माझ्या नवऱ्याने ती उचलून उलटसुलट बघितली, आणि खुर्चीवर बसून राहिला. त्यानंतर त्याने मला 'झोपत जा' म्हटलेलं नाही.

"तो तुकडा कशाचा होता ते बघितलं मी," स्क्रू खाली बघत म्हणाला. "तुझ्या भावाने हा प्रोग्रॅम आधी स्वतःवर लावून बघितला होता. रोज उशाशी घेऊन झोपायचा. प्रत्येक रात्रीची फाइल आहे."

मला कळलं तो काय सांगणार आहे. तरी मी विचारलं, "कुठल्या रात्रीचा तुकडा?"

"त्याच."

नवऱ्याने डिस्क हळूच उशीजवळ परत ठेवली. स्क्रू पुढे म्हणाला,

"त्या फाइलीत आधी सगळं आहे, आहे, आहे. शेवटी सगळं नाही, नाही, नाही. सकाळपर्यंत. शिट्टीही वाजली असणार गं... पण ऐकायला कोण होतं?" त्याने डोळे पुसले. "मधला तेवढाच तुकडा वाचता येत नाही."

शेवटच्या 'आहे' आणि पहिल्या 'नाही'च्या मधला.

त्यालाच मी म्हटलं होतं, जाऊ दे.

स्क्रूने तो वाचायचा आणखी एकदा प्रयत्न केला. एकदाच, आमच्याच जेवणाच्या टेबलावर, आपल्या लॅपटॉपला डिस्क जोडून. सुई तिथे अडकली, खट खट झालं, आणि मागच्या खोलीतून नवऱ्याने हाक मारली... कशी मारली ते सांगत नाही. स्क्रूने वायर उपटून टाकली. चिमणी परत आली. त्यानंतर आम्ही ती डिस्क कशालाही जोडलेली नाही.

आता चिमणी सव्वातीन वर्षांची आहे. धावते, भांडते, शेजारच्या काकूंची नक्कल करते. दर सहा महिन्यांनी तपासणी होते. डॉक्टरीणबाई हसतात. "ती खोड कधीच गेली हो. आता विसरा."

डिस्क एका छोट्या कापडी पिशवीत तिच्या उशाशी असते. कॉम्प्युटरही असतो. कार्ड छान चाललंय, कधी बिघडलं नाही. दर नऊ सेकंदांना लिहितो, आहे.

पण डिस्कची टिक आता नऊ सेकंदांना येत नाही.

गेल्या वर्षी दहा झाली. मग बारा. नवरा म्हणतो, मोजू नकोस. मोजत नाही असं मी त्याला सांगते. कालची चौदा होती. अधूनमधून 'खट'ही येतं. स्क्रूला विचारलं तर म्हणाला, "तिची नक्कल काढता येत नाही, तिला थांबवता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही. मी काय करू, तूच सांग." या घरात आता ते दोन शब्द कोणी उच्चारत नाही. दूध सांडलं, काच फुटली तरी नाही.

हे सगळं मी कदाचित लिहिलं नसतं. पण परवा दुपारी चिमणी झोपून उठली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली. आम्ही तिला यातलं काहीही सांगितलेलं नाही. दादाचा फोटोही त्या खोलीत नाही.

म्हणाली, "आई, मामा दमलाय."

मी विचारलं, "कोण मामा गं?"

"उशीतला. तो विचारत होता, आता जाऊ का?"

मी तिचे केस मागे सारले आणि विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, थांब, आईला विचारते."

तेव्हापासून ती रोज विचारते. आजही विचारलं. तीन दिवस झाले, मी काहीतरी निमित्त काढून विषय बदलतेय. डॉक्टरीणबाई म्हणतात ती बरी आहे. बरी असेल, तर मी दादाला का अडवून ठेवलंय? आणि बरी नसेल तर?

ती आत्ता झोपलीय. मी पाळण्याऐवजी आता छोट्या पलंगाशेजारी बसून हे लिहितेय. लख्ख ऊन आहे. मघाशी टिक झाली.

बारा... तेरा... चौदा...

पंधरा...

ती उठली की पुन्हा विचारेल.