पाळणारा कोण?

माळसोंड नगरपरिषदेच्या प्राणिवर्तन प्रयोगशाळेत त्या सोमवारी सकाळी चार माणसं एका शब्दावर अडून बसली होती. शब्द होता 'पाळणारा'.

नियमावलीचं बाकी सगळं ठरलं होतं. माळावरचे लांडगे आणि शहराच्या कडेची कुत्री यांची सरमिसळ गेल्या पंचवीस वर्षांत इतकी वाढली होती, की लांडकुत्रा हे आता घरोघरचं जनावर झालं होतं. रक्ताच्या एका थेंबावरून वृकांश, म्हणजे जनावरातला लांडग्याचा वाटा, दहा मिनिटांत कळत असे. पंचवीस टक्क्यांपर्यंत हरकत नव्हती. त्यावर गेला, तर जनावराने हद्दीबाहेर रानपट्ट्यातल्या घरात राहायचं, आणि पाळणाऱ्यानेही त्याच्याबरोबर. कारण एकट्याला नेऊन सोडलेला लांडकुत्रा आपलं माणूस शोधत कुंपण तोडून परत येतो आणि वाटेत जो आडवा येईल त्याला फाडतो. तीनदा तसं घडून गेलं होतं.

"पण पाळणारा सापडतो कुठं?" मुख्याधिकारी दाभोळे म्हणाले. "कागद बघावा तर प्रत्येक जनावर गावाकडच्या मावशीचं. इथं ते नुसतं पाहुणं आलेलं. एका सोसायटीत तर एक पाहुणा चार वर्षं मुक्कामाला आहे."

डॉ. हेमांगी थोरात खळखळून हसल्या. त्यांची लांडकुत्री भुरी, वृकांश सदतीस, कागदावर त्यांच्या आत्येभावाची होती, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

समोर बसलेले डॉ. उकिडवे मात्र हसले नाहीत. प्रयोगशाळेचं प्रमुखपद पुढच्या महिन्यात हेमांगीबाईंना मिळणार होतं. प्रमुखाने हद्दीतच राहिलं पाहिजे, असा नियम होता. आणि त्यांच्यानंतरचं नाव उकिडव्यांचं होतं. हे झालं चारचौघांत सांगण्यासारखं दुखणं. दुसरं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दोघांची घरं समोरासमोर होती. रोज संध्याकाळी साडेपाचला हेमांगीबाई फाटकापाशी आल्या, की भुरी अंगणाच्या टोकापासून धावत येई आणि नाकापासून शेपटीपर्यंत सगळी हले. उकिडव्यांच्या घरी येण्याने आजवर जिन्यातला दिवा तेवढा लागत असे, तोही आपोआप लागणारा होता म्हणून.

"कागद नको, खाणं कोण घालतं ते धरा," दाभोळ्यांनी सुचवलं.

"ते चालणार नाही," डॉ. रुखसाना अत्तार म्हणाल्या. बंधमापक त्यांनी तयार केला होता आणि त्यासाठीच त्यांना बाहेरून बोलावलं होतं. "कुत्र्याचा जीव खाऊ घालणाऱ्या हातावर जडतो. हजारो वर्षांची सवय आहे ती. लांडग्याला कुणी थाळी वाढलेली नसते. कळपात तो एकच गोष्ट जाणतो, की आपल्यावर लक्ष कोण ठेवून आहे. शिकारीत, उतारावर, पिल्लांपाशी. जो सतत बघतो तो आपला. वृकांश तीसच्या वर गेला की मन कुत्र्याचं उरत नाही, या बाबतीत तरी."

"आणि हे मोजता येतं?" दाभोळ्यांनी विचारलं.

"येतं. डोक्यावर पट्टा बांधायचा, माणसाचा वास आणि आवाज द्यायचा. मेंदूत जी लहर उठते तिचा शंभरपैकी आकडा मिळतो. त्याला आम्ही बंधांक म्हणतो. ज्याचा बंधांक सगळ्यांत जास्त, तो पाळणारा. कागदावर मावशी असो नाहीतर आत्या."

उकिडव्यांनी पेन उघडलं. इतक्या उत्साहात त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. "लिहून घ्या, दाभोळेसाहेब. एक, नुसती घरातली माणसं तपासून भागणार नाही. लोक हुशार असतात. शंभर मीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येकाची चाचणी. दोन, निकालावर अपील नाही. वर्षभर नाही."

"उकिडवेसाहेब," हेमांगीबाई म्हणाल्या, "माझ्या भुरीसाठी केवढे कष्ट घेताय हो! तिला सांगते मी."

"तुमची कुठली? आत्येभावाची ना?" उकिडवे म्हणाले, आणि दाभोळ्यांना ठसका लागला.

खरं तर उकिडव्यांची तयारी आठ महिन्यांपासून सुरू होती. सकाळी सहा ते सव्वासात आणि संध्याकाळी पाच ते सहा ते आपल्या गच्चीत खुर्ची टाकून बसत आणि भुरीविरुद्धच्या तक्रारींची यादी करत. किती वेळा कोल्हेकुई, कुंपणावर किती वेळा पाय, कोणाकडे बघून दात. रविवारी सुट्टी नाही, सणाला नाही, ताप आला तेव्हाही नाही. आणि लिहिता लिहिता ते तिच्याकडे बघत राहत. ती कान कसा वळवते, झोपताना आधी मागचा पाय कसा दुमडते. हे यादीत येत नसे. पण मनात राही, आणि मग हेमांगीबाईंवरचा राग आणखी वाढे.

हेमांगीबाईंचं उलट होतं. भुरी घरात येऊन तीन वर्षं झाली होती. आपली वस्तू आपल्याकडेच आहे म्हटल्यावर माणूस जितकं बघतं, तितक्याच त्या बघत. एका हाताने थोपटत आणि दुसऱ्या हाताने फोनवरचे निरोप वाचत.

पंधरा दिवसांनी चाचणी झाली. शंभर मीटरच्या आतली अकरा माणसं अंगणात खुर्च्यांवर बसली होती. उकिडवे इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. भुरी पडद्यामागे शांत होती.

डॉ. अत्तारांनी आकडे दोनदा पाहिले. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि तिसऱ्यांदा पाहिले.

"हेमांगी थोरात, अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या. "श्रीनिवास उकिडवे, ब्याऐंशी."

सगळ्या माना उकिडव्यांकडे वळल्या. मग दाभोळे हळूच म्हणाले, "अहो, तुम्ही कधी तिला हात तरी लावलाय का?"

"कधीच नाही!" उकिडवे उठून उभे राहिले. "हे यंत्र बिघडलंय. मी तिचा द्वेष करत होतो. आठ महिने, रोज!"

"दगड मारलात? ओरडलात? अंगावर गेलात?" डॉ. अत्तारांनी विचारलं.

"छे! नुसता बघत होतो."

"मग तिला द्वेष कुठून कळणार?" डॉ. अत्तार म्हणाल्या. "एक माणूस रोज ठरल्या वेळी उंचावर बसतो आणि तिच्यावरची नजर हलवत नाही. तिच्या हिशेबी तिच्यासाठी एवढं कुणीच केलेलं नाही."

"अपील..."

"वर्षभर नाही," दाभोळे म्हणाले. "कलम तुमचंच आहे, साहेब."

पट्टा काढल्यावर भुरी पडद्याबाहेर आली. ती हेमांगीबाईंजवळ थांबली, त्यांचा हात हुंगला आणि पुढे आली. उकिडव्यांसमोर येऊन ती नाकापासून शेपटीपर्यंत सगळी हलली.

"वा!" हेमांगीबाई म्हणाल्या. हा आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. "न्या. न्या ना. पद मला, जनावर तुम्हाला. फिटंफाट."

रानपट्ट्यातलं घर दोन खोल्यांचं होतं. उकिडव्यांनी महिनाभर सगळ्यांना शिव्या दिल्या. मग कमी दिल्या. शहरातून बसने परत येताना ते पाऊलवाटेच्या वळणापाशी चालण्याचा वेग वाढवू लागले, कारण वळणापलीकडे कुणीतरी उभं असे. सकाळी ते आता उशिरापर्यंत झोपत आणि भुरी पायाशी असे. नोकरीत ते दुसऱ्या नंबरवर होते आणि त्यांना त्याचं फारसं वाटेनासं झालं होतं.

सहा महिन्यांनी डॉ. अत्तार मधल्या तपासणीला आल्या. भुरीच्या डोक्यावरचा पट्टा काढता काढता त्या म्हणाल्या, "तुमचा बंधांक सदुसष्टवर आलाय."

"एवढा कसा उतरला? मी तर आता तिच्याजवळच असतो."

"जवळ असता, बघत नाही. सुखात नजर ढिली पडते, साहेब. थोरातबाईंचं तेच झालं होतं." त्यांनी कुंपणाकडे मान वळवली. "त्यांचा आता पासष्ट आहे."

कुंपणापलीकडे, हद्दीच्या दगडाशी, हेमांगीबाई उभ्या होत्या. त्या रोज येतात, हे उकिडव्यांना ठाऊक होतं. आणि आपल्या अंगणात काय चाललंय ते बघताना त्यांचे ओठ कसे घट्ट मिटतात, तेही. या बाईला आपला एवढा हेवा वाटतो, याचं त्यांना आतून बरंही वाटत असे.

डॉ. अत्तार गेल्या. उकिडवे व्हरांड्यात बसून विचार करू लागले. गणित सोपं होतं. आणखी सहा महिने लक्ष दिलं नाही, की वर्षअखेरच्या चाचणीत हेमांगीबाई पाळणाऱ्या ठरणार. त्यांना रानपट्ट्यात यावं लागणार, पद रिकामं होणार, आणि गच्चीचं घर, शहर, प्रमुखाची खोली सगळं आपलं. काही करायचंच नव्हतं. फक्त बघायचं नव्हतं.

त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि वर्तमानपत्र उघडलं. पहिल्या पानावरची बातमी त्यांनी दोनदा वाचली. मागे भुरीच्या नखांचा आवाज आला, अंगणातून कुंपणाकडे जाणारा.

"भुरे," कुंपणापलीकडून हेमांगीबाई हळूच म्हणाल्या.

उकिडव्यांनी तिसऱ्यांदा तीच बातमी वाचायला घेतली. दुसऱ्या ओळीवर त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, खुर्ची उचलली आणि अंगणाच्या मधोमध नेऊन कुंपणाकडे तोंड करून मांडली.