पाठीला पाठ

"ताई, तू अप्पांचे आकडे चोरलेस!"

सगळे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. आईच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच थबकला. अप्पा मान खाली घालून ताटात चाचपडत राहिले. आणि ताई... जिच्यावर हा घाव पडला ती ताई, तिने शांतपणे पाण्याचा पेला उचलला, दोन घोट घेतले आणि धाकट्या भावाच्या डोळ्यांत डोळे घातले.

"पुन्हा बोल. चोरासारखं पुटपुटू नकोस. अप्पांना, आईला, भिंतींना ऐकू जाईल असं बोल!"

"बोलतो की! घाबरतोय कोणाला?" धाकटा लॅपटॉप उघडून टेबलावर आपटल्यासारखा ठेवत म्हणाला. "तुमच्या दोघांच्या वाचनावरून मी माझ्या प्रोग्रॅमला माशांचं वय ओळखायला शिकवलं. काल सहज दोघांचे आकडे शेजारीशेजारी लावले. सगळे सारखे, ताई! धूसर खडे, फुटके खडे, ज्यांच्यावर खुद्द अप्पा डोकं खाजवत बसायचे ते खडे... सगळीकडे तोच आकडा. दोन माणसं असं वाचूच शकत नाहीत. कोणीतरी कोणाचं तरी बघून लिहिलंय. आता अप्पा तुझं बघून लिहितील का?"

शेवटच्या वाक्याला तो हसला. ते हसू ताईच्या काळजात सुरीसारखं गेलं. कारण, अरे वेड्या, नेमकं तेच तर खरं होतं!

घर सगळं विद्वानांचं. आईने जन्मभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही भाजीवाल्याला मागणी-पुरवठ्याचे धडे देणं सोडलं नाही. धाकटा विद्यापीठात संगणकशास्त्राचा प्राध्यापक. अप्पा म्हणजे तर मासे-संशोधनातलं मोठं नाव. निवृत्तीनंतरही त्यांची जुनी संस्था त्यांच्याकडे घरी काम पाठवायची. आणि ताई सगळ्यांच्या बरोबरीने शिकलेली, पण नावापुढे हुद्दा नसलेली. "अप्पांची मदतनीस" एवढीच तिची ओळख. नातेवाईक तोंडावर कौतुक करत आणि पाठ वळली की म्हणत, बापाचं शेपूट धरून बसलीये, दुसरं काय!

काम चालायचं मागच्या खोलीत. माशाच्या कानात एक बारीकसा खडा असतो. वर्ष सरलं की त्याच्यावर एक कडी चढते. खडा कापून, त्याचा मोठा केलेला फोटो पडद्यावर घेऊन कड्या मोजल्या की माशाचं वय कळतं, आणि असे हजारो मासे मोजले की कळतं, समुद्रात म्हातारे मासे उरलेत की नुसती पोरंसोरं. त्यावरून सरकारी समिती ठरवते, मासेमारी किती महिने बंद ठेवायची. म्हणून एकाच खड्याला दोन वाचक लागतात. दोन पडदे, दोन खुर्च्या, पाठीला पाठ. बोलायचं नाही, वळून बघायचं नाही. आकडे जुळले नाहीत तर मग समोरासमोर बसून भांडायचं. अप्पा याबाबत महाकडक! "या खोलीत बाप-लेक नाहीत," ते म्हणायचे, "इथे दोन वाचक आहेत."

कड्या मोजताना ताईच्या हातात एक छोटं मोजणीयंत्र असायचं. कडी दिसली की अंगठ्याने दाबायचं. टिक. पुढची कडी, टिक. तिची लहानपणापासूनची सवय. अप्पांना कधी असल्या यंत्राची गरज लागली नाही. ते नजरेनेच मोजत.

आणि दोन वर्षांपूर्वी एक दिवस तिचा अंगठा घसरला होता. कडी एक, टिक दोन! तिने मनातल्या मनात एक वजा करून योग्य आकडा भरला. संध्याकाळी आकडे जुळवले, तर अप्पांचा एकाने जास्त. नेमका तेवढाच! तिच्या पायांखालची जमीन सरकली. दुसऱ्या दिवशी, छातीवर दगड ठेवून, तिने मुद्दाम एक टिक जास्त केली... अप्पांचा आकडाही एकाने वाढला.

अप्पांना कड्या दिसत नव्हत्या! ते पडद्यासमोर ताठ बसून तिच्या टिकटिकीवर कान लावून मोजत होते, आणि बोटांना पाठ झालेल्या बटणांवर आकडा भरत होते. समुद्राचं वय वाचणारा तो माणूस... त्याच्या डोळ्यांपुढे धुकं दाटलं होतं, आणि अभिमानापायी त्याने ते पोटच्या पोरीलाही सांगितलं नव्हतं!

त्या दिवशी ती न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली आणि कामाला बसली. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या शहरातून तिला स्वतःच्या प्रयोगशाळेचं, स्वतःच्या नावाचं बोलावणं आलं होतं. तिने नकार कळवला. ती गेली असती तर अप्पा उघडे पडले असते. धाकट्याने कौतुकाने तिला एक नवं, अजिबात आवाज न करणारं मोजणीयंत्र आणून दिलं होतं. तिने ते कपाटात ढकललं आणि बाजारातून टणटणीत आवाजाचं दुसरं शोधून आणलं. हे चूक आहे, हे तिला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं! आपला आकडा चुकला तर तो पकडणारं आता कोणी नाही, या धास्तीने ती एकेक खडा पुन्हापुन्हा वाचायची. पण अप्पांना "तुम्हाला दिसत नाही" हे सांगायला तिची जीभ रेटली नाही.

आणि आज तिलाच चोर ठरवलं जात होतं...

"समितीला माझ्या प्रोग्रॅमचा अहवाल द्यायचाय, त्यात मी तसं लिहिणार आहे," धाकटा म्हणाला. "दुसऱ्या वाचकाने नक्कल केली, त्याचे सगळे आकडे बाद. समितीपुढे खोटं ठेवणार नाही मी."

"अरे, बहीण आहे ती तुझी!" आई कळवळून म्हणाली. "एकदा हे छापून आलं की तिला कोण दारात उभं करेल?"

"अप्पांनीच शिकवलंय ना, त्या खोलीत नाती नसतात म्हणून?"

ताई उठून उभी राहिली. एक वाक्य, फक्त एक वाक्य तिच्या ओठांवर होतं, आणि ते उच्चारलं असतं तर हा सगळा आरोप क्षणात वितळला असता. तिने अप्पांकडे पाहिलं. ते पेल्यासाठी टेबलावर हात फिरवत होते. तिने ते वाक्य गिळलं.

"ऐकून ठेव," ती कडाडली. "माझे आकडे माझे आहेत! मी कुणाचं काही चोरलेलं नाही, आणि याच्यापुढे तुला एका अक्षराचा खुलासा देणार नाही. तुला शंका आहे ना? मग काढ ते खडे. सगळे काढ! तू माझ्या डोक्यावर उभा राहा आणि मी एकेक वाचून दाखवते. एक आकडा जरी माझ्या जुन्या आकड्यापासून फार ढळला तर खुशाल लिही, माझी बहीण चोर आहे!"

"मंजूर!" धाकटाही इरेला पेटला. "आत्ताच करू. पण नियमाने. आधी अप्पा एकटे वाचतील, मग तू. म्हणजे दूध का दूध होईल."

ताईला आता कळलं, आपल्याच पायांवर आपण धोंडा पाडून घेतला!

"नाही," ती म्हणाली. "अप्पा नाही बसणार."

"का?"

"नाही म्हणजे नाही. माझी तपासणी हवी तेवढी कर, त्यांना त्यात ओढायचं नाही."

"बघितलंस आई? आत्ता कुठे गेला तो ताठा?" धाकट्याच्या आवाजात राग होता, आणि रागाच्या तळाशी दुखावलेपण होतं. "मला वाटलं होतं, ही भांडेल, मला खोटं पाडेल. मला खोटं पडायचं होतं गं ताई! पण तू तर..."

"लिही मग!" तिचे डोळे भरून आले होते, पण मान तसूभरही खाली गेली नाही. "लिही, मी नक्कल केली. छाप माझं नाव. मी तुझ्या समितीलाही भीत नाही आणि तुलाही भीत नाही. पण अप्पांना त्या खुर्चीत कोणी बसवणार असेल, तर आधी माझ्याशी गाठ आहे!"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अप्पा उठले होते. टेबलाच्या कडेला हात लावत, मग दाराच्या चौकटीला, ते मागच्या खोलीकडे चालू लागले. तिघंही त्यांच्या मागोमाग गेली.

धाकट्याने पडदा सुरू केला. उजळ पडद्याच्या मधोमध खड्याचा फोटो आला, एकेक कडी ठसठशीत. अप्पा खुर्चीत बसले. पाठ ताठ, हात मांडीवर. ते वाट पाहत राहिले... बराच वेळ वाट पाहत राहिले.

"लाव की रे फोटो," शेवटी ते म्हणाले. "किती उशीर!"

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पडद्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं. मग हळूच त्यांच्या डोळ्यांपुढून हात फिरवला.

"अप्पा... फोटो केव्हाचा लागलाय."

अप्पांनी डोळे मिटले. मिटले काय नि उघडे ठेवले काय, पडद्यावरचं त्यांना दिसणार नव्हतंच.

"मधोमध काही दिसत नाही रे," ते म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. दार दिसतं, माणसाची सावली दिसते. मी जिकडे बघतो, नेमकं तेवढंच दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, परत येणार नाही म्हणून. मी कोणाला बोललो नाही. मी तिच्या टिकटिकीवर मोजत होतो, पोरा. चोर ती नाही. चोर हा इथे बसलाय!"

"अहो!" आईने तोंडावर हात नेला. "म्हणून रोज सकाळी पेपर वाचून दाखव म्हणत होतात? आणि मी मेली समजत होते, म्हातारपणी प्रेम उफाळून आलंय!"

"तेही होतंच की गं," अप्पा म्हणाले, आणि आई हसता हसता हुंदके देऊ लागली.

धाकटा मात्र एकाएकी कपाटाकडे गेला, दार उघडलं, मागे हात घातला. त्याचं ते आवाज न करणारं मोजणीयंत्र, अजून वेष्टणातच होतं.

"म्हणून तू हे वापरलं नाहीस..." तो ते हातात फिरवत म्हणाला. "मला वाटलं, माझी वस्तू तुला नको. दोन वर्षं मी मनात अढी धरून बसलो. आणि तो कर्कश डबा तू... त्यांना ऐकू यावं म्हणून आणलास? ताई! आणि मी तुला चोर म्हणालो!"

तो तिच्या पायांशी वाकू लागला. तिने त्याचा खांदा धरून त्याला सरळ उभं केलं.

"वाकू नकोस. चोर म्हणालास याचं मला काही वाटत नाही. आकडे बघून जे दिसलं ते बोललास. पण न विचारता माझ्यावरच बोट ठेवलंस, ते का? नावापुढे हुद्दा नाही म्हणून? उत्तर देऊ नकोस, नुसतं लक्षात ठेव. आणि गुन्हा माझाही आहे. मला माहीत होतं, तरी मी एकटीचं वाचन दोघांचं म्हणून जाऊ दिलं. अहवालात हे सगळं जाईल. माझ्या नावासकट!"

"आणि माझ्या," अप्पा म्हणाले. त्यांनी हवेत हात पुढे केला. ताईने तो दोन्ही हातांत धरला. "पोरी, मला वाटायचं, तुला कळलेलंच नाही. मी किती हुशार, असं वाटायचं! आणि तू माझ्यासाठी मोठमोठ्याने टिकटिक करत होतीस... तुझी ती प्रयोगशाळा, तीही माझ्यापायीच गेली ना?"

"गेली नाही, अप्पा. मी घालवली. आणि आता परत मिळवणार आहे. हे खडे पुन्हा नीट वाचून झाले की मी त्यांना लिहिणार, जागा द्या म्हणून. नाही दिली तर दुसरीकडे लिहीन. तुम्ही रडलात तरी थांबणार नाही, आत्ताच सांगून ठेवते!"

"थांबलीस तर या घरात तुझं-माझं पटायचं नाही," अप्पा म्हणाले. डोळ्यांतून धारा वाहत होत्या आणि चेहऱ्यावर जुना महाकडक भाव परत आला होता. "पण दुसरा वाचक कुठून आणायचा?"

ताईने धाकट्याकडे पाहिलं.

"मी?" तो दचकला. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"प्रोग्रॅमला शिकवलंस ना? आता स्वतः शीक. बस."

अप्पा खुर्चीतून उठले. अनेक दिवस अप्पांनी धाकट्याला शिकवलं. फोटो न बघता, नुसतं विचारून विचारून. कडी कुठे फिकट होते, खोटी कडी कशी ओळखायची, काठावरची शेवटची कडी धरायची की सोडायची. आणि मग एका सकाळी ताई आणि धाकटा पाठीला पाठ लावून बसले. तिच्या हातात ते आवाज न करणारं यंत्र होतं. खोलीत चिडीचूप शांतता. अप्पा दाराशी स्टूल टाकून, मान कलती करून ऐकत बसले होते, पण ऐकायला काहीच नव्हतं.

"सांगा," ते म्हणाले. "पहिला खडा. आधी वाचक दुसरा."

"अकरा," धाकटा चाचरत म्हणाला.

"ताई?"

"नऊ. आणि तू ती खोटी कडी धरलीस, गधड्या!"

"खोटी कशी? स्पष्ट दिसतेय!"

"डोंबल दिसतेय! इकडे ये, दाखवते."

खुर्च्या फिरल्या. दोघंही एकाच पडद्यावर ओणवी होऊन तावातावाने भांडू लागली, आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, शेजारी ऐकतायत!" आणि अप्पा... अप्पांचा चेहरा उजळत गेला, आणि त्यांनी मांडीवर थाप मारली.

"जुळले नाहीत!" ते लहान मुलासारखे म्हणाले. "अगं ऐकलंस का? जुळले नाहीत!"